ईमेल यादी साफ करून घेण्याआधी सेवेचीच परीक्षा घ्या

ईमेल यादीतले बंद आणि चुकीचे पत्ते शोधून देणाऱ्या कोणत्याही सेवेच्या हवाली पूर्ण यादी करण्याआधी ५०-६० पत्त्यांची छोटी चाचणी यादी बनवा. त्यात स्वतःचे चालू पत्ते, मुद्दाम चुकीचे टाइप केलेले काही आणि तुम्ही स्वतः बंद केलेले दोन-चार पत्ते मिसळा. उत्तरं तुम्हाला आधीच माहीत असल्याने सेवा किती पाण्यात आहे ते लगेच कळतं.

'१०० टक्के अचूक' असा दावा दिसला की सावध व्हा. काही डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) कोणत्याही नावाने आलेला मेल स्वीकारतात; तिथे तो पत्ता खरोखर कोणाचा आहे का, हे बाहेरून ठरवता येत नाही. प्रामाणिक सेवा असे पत्ते 'अनिश्चित' म्हणून वेगळे काढते. सगळं 'वैध' दाखवणारी फक्त तुम्हाला खूश करते आहे. (अनिश्चित पत्त्यांचे पैसे लागतात का, तेही विचारा.)

तुम्ही दिलेली यादी सेवा स्वतःकडून किती दिवसांनी पुसून टाकते, हे लेखी घ्या. पत्ते विकणाराच ते तपासूनही देत असेल, तर मी तिकडे फिरकणार नाही. आणि विकत घेतलेली यादी कितीही धुतली तरी लोकांची संमती त्यात येत नाही.