ज्यूरी ड्यूटीचं पत्र आलंय? आधी उघडा तर खरं

दर दोन-तीन महिन्यांनी माझ्या व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो. कोर्टाचा शिक्का, बारकोड, आणि खाली घाबरलेला मजकूर: "ताई, समन्स आलंय. आम्ही तर काहीच केलं नाही!" पाठवणारे सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून किंवा नागपूरहून अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला आलेले असतात, घरात गादी अजून जमिनीवरच असते. समन्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वकील, तारखा आणि भावकीच येते. माझ्या आजोबांची बांधाची केस सांगली कोर्टात इतकी वर्षं चालली की शेवटी बांध कुठला ते दोन्ही पक्ष विसरले होते. त्यामुळे मला पहिलं पत्र आलं तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला. ते मी फ्रिजवर मॅग्नेटखाली तीन आठवडे लटकवून ठेवलं, जणू तिथं ते आपोआप निवळणार होतं. तुम्ही एवढं मात्र करू नका.

पत्राचा अर्थ साधा आहे. ज्यूरीसाठी, म्हणजे खटला ऐकून निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटासाठी, काढलेल्या चिठ्ठ्यांत तुमचं नाव निघालंय. तुमच्यावर कसलाही आरोप नाही. मी कॅलिफोर्नियात, सांता क्लारा काउंटीत राहते, म्हणून इथलंच सांगते; दुसऱ्या राज्यात पैसे, दिवस आणि दंड वेगळे असतील. इथली यादी मतदारांच्या नोंदी, डीएमव्हीकडची (इथलं आरटीओ म्हणा) लायसन्सं आणि आयडी कार्डं, आणि 2022 पासून राज्याचा इन्कम टॅक्स भरणारे यांवरून बनते. म्हणजे लायसन्स काढलंत की तुमचं नाव त्या पिशवीत पडलं. चिठ्ठी काढणाऱ्या कॉम्प्युटरला तुमचा व्हिसा दिसत नाही. म्हणून एच-वन या नोकरीच्या व्हिसावाल्याला, त्याच्या एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावरच्या बायकोला आणि ग्रीन कार्डवर, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यावर, आलेल्या आईलाही पत्र येतं.

नागरिक नसाल तर काम पाच मिनिटांचं आहे. फॉर्मवर किंवा वेबसाइटवर "मी अमेरिकेचा नागरिक नाही" यावर खूण करायची, सही करायची आणि पाठवून द्यायचं. पुरावा मागितलाच तर ग्रीन कार्डाची किंवा व्हिसाची प्रत जोडायची. पाठवलेल्याची एक प्रत स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा. "आपल्याला लागू नाही" म्हणून पत्र कचऱ्यात टाकलंत तर कोर्टाच्या दृष्टीनं तुम्ही उत्तर न देणारे ठरता, आणि उत्तर न देणाऱ्याला इथं 1,500 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

याहून मोठा खड्डा दुसरा आहे. "नागरिक आहे" या चौकोनात चुकूनसुद्धा खूण करू नका. आमच्या ओळखीतला एकजण ग्रीन कार्ड मिळाल्याच्या आनंदात "आता आपण इथलेच" म्हणून फॉर्म भरून बसला. रहिवासी आणि नागरिक यांतला फरक त्यानं वाचलाच नाही. चूक कोर्टातल्या क्लार्कच्या लक्षात आली आणि त्याला परत पाठवलं, पण पुढं नागरिकत्वाचा अर्ज भरताना "आपण कधी अमेरिकेचे नागरिक असल्याचं सांगितलं आहे का?" हा प्रश्न आला आणि त्याची झोप उडाली. शेवटी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जावं लागलं. नागरिकत्वाचा खोटा दावा इथं फार महागात पडतो, देश सोडायची वेळ येण्याइतका. म्हणून गडबडीत फॉर्म भरू नका.

आणखी एक गोष्ट, जी नव्या माणसांच्या बाबतीत हमखास घडते. फोन वाजतो, पलीकडून कुणीतरी शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसमधून बोलतोय असं सांगतो: तुम्ही ज्यूरी ड्यूटी चुकवलीत, वॉरंट निघालंय, आत्ता पैसे भरा, गिफ्ट कार्डचा नंबर सांगा. हे भामटे असतात. कोर्ट फोनवरून पैसे मागत नाही. फोन ठेवून द्या आणि अस्सल पत्रावर जो नंबर छापलाय त्यावर स्वतः फोन करून विचारा.

आता ज्यांनी नागरिकत्वाची शपथ घेतलीय त्यांच्यासाठी. मी नागरिकत्वाची परीक्षा दिली तेव्हाच्या शंभर प्रश्नांत एक असा होता: फक्त नागरिकांवर असलेली एक जबाबदारी सांगा. उत्तरं दोन, देशाच्या निवडणुकीत मतदान किंवा ज्यूरीत बसणं. गंमत म्हणजे हे उत्तर पाठ करून पास झालेली आपलीच माणसं पुढच्या पॉटलकला सुटण्याच्या युक्त्या वाटत फिरतात. "सांग की इंग्लिश येत नाही." दिवसभर इंग्रजीत मीटिंगा घेणारा माणूस हे लिहितो आणि खाली सही करतो, ती खोटी शपथ घेतल्यासारखीच असते. "सांग की सगळे पोलीस खोटारडे असतात." जजनं हे हजारदा ऐकलेलं असतं. मला या युक्त्यांचा राग येतो, आणि त्याचं कारण थोडं घरचं आहे.

माझ्या सासूबाई 74 व्या वर्षी नागरिक झाल्या आणि वर्षभरात त्यांना पत्र आलं. सत्तरीपुढच्या माणसाला तब्येतीचं कारण असेल तर इथं डॉक्टरची चिठ्ठी न जोडताही सूट मागता येते. मी फॉर्म भरायला घेतला तर म्हणाल्या, "थांब, मला जायचंय." बाई गिरगावातल्या, शाळेत असताना नानावटी खटल्यानं (बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याचा खटला) घरोघरी झालेली भांडणं त्यांना पाठ. 1959 साली 9 जणांच्या ज्यूरीनं 8 विरुद्ध 1 असा नानावटींना निर्दोष ठरवलं, सेशन्स जजनं तो निकाल न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथं शिक्षा झाली आणि 1961 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. त्या एका खटल्यामुळे भारतातली ज्यूरी बंद झाली असं आपण सगळेच सांगतो. खरं तर ती पद्धत राज्याराज्यांतून आधीच मोडीत निघत होती, आणि 1973 च्या फौजदारी संहितेत तिला जागाच उरली नाही. सासूबाईंचा प्रश्न मात्र नेमका होता: "इथं जजला न पटलं तर?" इथं ज्यूरीनं फौजदारी खटल्यात निर्दोष म्हटलं की विषय संपला. जजला वर पाठवता येत नाही, सरकारला अपील करता येत नाही.

मग त्या टिळकांवर आल्या, कारण गिरगावची बाई टिळकांवर येणारच. 1908 साली मुंबई हायकोर्टात राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. निकाल 7 विरुद्ध 2, आणि टिळक सहा वर्षं मंडालेला. त्याआधी 1897 च्या खटल्यातही तेच, सहा युरोपियन एकीकडे आणि तीन हिंदी दुसरीकडे. इथं आज गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला सगळ्यांचं एकमत लागतं. 2020 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर एकही राज्य याला अपवाद नाही. हा नियम तेव्हा असता आणि ते दोघं अडून बसले असते तर टिळकांना त्या ज्यूरीकडून शिक्षा झालीच नसती. त्या खुर्च्यांवर कोण बसलंय यावर किती अवलंबून असतं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आणि तरी आपण इंग्लिश येत नाही म्हणून लिहून देतो! (सासूबाईंना शेवटी कोर्टानं बोलावलंच नाही. त्या महिनाभर नाराज होत्या.)

व्यवहाराचं थोडक्यात. पत्रावर एक ग्रुप नंबर असतो. ठरलेल्या आठवड्याच्या आदल्या संध्याकाळी वेबसाइटवर किंवा फोनवर बघायचं, तुमच्या ग्रुपला बोलावलंय की उद्या परत बघायचंय. कित्येकदा आठवडाभर बघूनही बोलावणं येत नाही आणि तेवढ्यावर काम झालं असं धरतात. गेलातच तर एक दिवस किंवा एक खटला, एवढीच बांधिलकी. भारतात जायची तिकिटं काढली असतील, मुलीची परीक्षा असेल, तर एकदा तारीख पुढं ढकलायला फारशी कटकट होत नाही. दिवाळीच्या सुट्टीवर मात्र ढकलू नका, मी ढकलली होती. नोकरीवरून काढता येत नाही, तसा कायदाच आहे. त्या दिवसांचा पगार देणं मालकाला बंधनकारक नाही, पण बऱ्याच कंपन्या देतात, तेव्हा एचआरला आधी विचारा. कोर्ट दुसऱ्या दिवसापासून रोजचे 15 डॉलर देतं, शिवाय मैलामागे 34 सेंट. फेडरल कोर्टाचं पत्र वेगळं असतं, तिथं दिवसाचे 50 मिळतात.

जाताना स्वेटर घ्या. कोर्टात मे महिन्यातही डिसेंबर असतो. दारात एअरपोर्टसारखी तपासणी असते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या पर्समध्ये सफरचंद कापायची सुरी निघाली आणि रांगेतले तीसजण माझ्याकडे बघत उभे राहिले. स्टीलच्या डब्याला हरकत नसते, फक्त एक्सरेमध्ये गोल काळा ठोकळा दिसतो म्हणून उघडून दाखवावा लागतो. गार्डनं कांदेपोह्यांचा वास घेतला आणि मान हलवून पुढं सोडलं.

आत मोठ्या हॉलमध्ये बसायचं, एक व्हिडिओ बघायचा आणि थांबायचं. थांबणं हेच मुख्य काम, पुस्तक हवंच. मग साठ-सत्तर जणांना एका कोर्टरूममध्ये नेतात. आरोपी तिथंच बसलेला असतो, इस्त्री केलेल्या शर्टात, आणि सगळ्यांकडे बघत असतो. त्या क्षणी माझी टंगळमंगळ संपली. जज खटल्याचं नाव वाचतात. इथं सरकारी पक्षाला "द पीपल" म्हणतात, म्हणजे खटला असतो लोक विरुद्ध अमुक. चिठ्ठीनं अठराजण पुढं बोलावतात आणि हातात प्रश्नांचा लॅमिनेट केलेला कागद देतात: कुठल्या भागात राहता, काय काम करता, नवरा काय करतो, घरात कुणी पोलीस आहे का, कधी गुन्ह्याची झळ बसलीय का, याआधी ज्यूरीत होतात का. उच्चाराची काळजी सोडा. क्लार्क तुमच्या आडनावाचं जे करेल त्यापुढं तुमचं इंग्रजी सोन्यासारखं वाटेल.

मी सांगितलं, माझे मामा साताऱ्याला हवालदार होते. बचावाच्या वकिलीणबाईंनी विचारलं, मग पोलिसाची साक्ष तुम्ही इतरांपेक्षा खरी मानाल का? मी म्हटलं, "मामांच्या गोष्टी ऐकून मोठी झालेय, त्यातल्या निम्म्या त्यांनीच रचलेल्या होत्या." कोर्ट हसलं. दहा मिनिटांनी सरकारी वकील उठून म्हणाले, "द पीपल थँक अँड एक्स्क्यूज जुरर नंबर सेव्हन." कारण न सांगता काहीजणांना वगळायचा हक्क दोन्ही बाजूंना असतो. मनाला लावून घेऊ नका. मी घेतलं होतं, पार्किंगपर्यंत.

दुसऱ्या वेळी बसले. दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला, चार दिवस. आरोप दोन: नशेत गाडी चालवली, आणि रक्तात 0.08 टक्के किंवा जास्त अल्कोहोल असताना चालवली. एकच गोष्ट दोनदा का विचारतात, असं पहिल्या दिवशी वाटलं. तिसऱ्या दिवशी त्या दोन वाक्यांमधल्या फटीतच सगळा खटला आहे हे कळलं. चार दिवस घरी काही बोलायचं नाही, नवऱ्याशीही नाही. गुगल करायचं नाही, तो रस्ता बघायलाही जायचं नाही. नवरा रोज रात्री वरणभात वाढताना विचारायचा, "निदान मर्डर आहे का तेवढं सांग."

शेवटी बाराजण एका खोलीत, टेबलावर टिश्यूचा डबा आणि शिळी कॉफी. पहिल्या मतदानात दुसऱ्या आरोपावर नऊ विरुद्ध तीन, तिघांत मी. दारू मोजायच्या मशिनची चाचणी गाडी थांबवल्यावर किती वेळानं झाली यावरच चालवतानाचं प्रमाण ठरणार होतं, आणि ती वेळ प्रत्येकाला वेगळी आठवत होती. मी कागदावर प्रश्न लिहिला, बेलिफ (कोर्टाचा शिपाई) तो जजकडे घेऊन गेला, आणि तासाभरानं कोर्टात बसवून त्या पोलिसाची साक्ष आम्हाला पुन्हा वाचून दाखवली. टायपिंग करणारी बाई सपाट आवाजात वाचत होती, "उत्तर: साधारण पन्नास मिनिटं." इतके दिवस त्या पोलिसाच्या दमदार आवाजात मी हे वाक्य ऐकलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकमत झालं: एका आरोपात दोषी, एकात निर्दोष.

निकाल वाचल्यावर क्लार्क प्रत्येकाला वेगळं विचारते, हाच तुमचा निकाल का? एक, दोन, तीन, येस, येस, येस. चौथी मी. मागच्या बाकावर आरोपीची आई असावी, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेली. माझ्या तोंडून आधी "हो" आलं, मग घसा साफ करून "येस".

चेक काही आठवड्यांनी आला, 45 डॉलर आणि वर मैलांचे. सोबत ज्यूरीत बसल्याचा दाखला देतात, तो जपून ठेवा, कारण त्यानंतर बारा महिने सूट मागता येते. मला नवव्या महिन्यात पुन्हा पत्र आलं होतं.