डोलकाठीची बैठक दुरुस्त करताना या चुका टाळा

फायबरग्लासच्या जुन्या शिडाच्या नौकेत, केबिनच्या छतावर उभ्या असलेल्या डोलकाठीच्या बुडाशी ओल दिसू लागली की बहुतेक मालक आधी सीलंटची ट्यूब हातात घेतात, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. डोलकाठीचे बूड ज्यावर टेकते त्या बैठकीवर तिचे केवळ वजन येत नाही. डोलकाठीला उभी धरणाऱ्या ताणलेल्या तारा तिला सतत खाली दाबत असतात आणि शिडात वारा भरला की हा दाब आणखी वाढतो. १९७० आणि १९८०च्या दशकांत बांधलेल्या अनेक नौकांच्या डेकमध्ये आणि केबिनच्या छतात फायबरच्या दोन थरांच्या मध्ये बाल्सा लाकडाचा किंवा प्लायवुडचा गाभा असतो. बोल्टच्या छिद्रातून पाणी त्यात मुरले की लाकूड कुजते, बैठक खचते आणि ती हलू लागल्यामुळे नुकताच भरलेला सांधा पुन्हा उघडतो. गळती परत येते ती यामुळे.

तारा वारंवार सैल पडणे, बैठकीभोवती जेलकोटला (फायबरवरच्या चकचकीत लेपाला) बारीक भेगा जाणे, छताखालच्या टॉयलेटचे दार चौकटीत अडकू लागणे ही खचण्याची लक्षणे आहेत. प्लास्टिकच्या हातोडीने छत ठोकत गेल्यास चांगल्या जागी टणक आवाज येतो आणि कुजलेल्या जागी बद्द. ओलावा मोजणाऱ्या मीटरवर मात्र एकट्यावर विसंबू नये, कारण जवळच्या धातूमुळेही त्याचे आकडे चढतात. खात्री करायची असेल तर डोलकाठी क्रेनने उतरवून बैठकीचे बोल्ट काढावेत आणि छिद्रात वाकवलेला खिळा फिरवून भुगा बाहेर ओढावा. तो कोरडा आणि फिकट असेल तर गाभा शाबूत आहे. काळपट, ओला आणि बोटांत कुस्करणारा असेल तर छत उघडावेच लागेल. त्याच वेळी डोलकाठीखाली छताला आधार देणाऱ्या केबिनमधल्या खांबाचे खालचे टोकही पाहावे. तळाशी तो ज्या लाकडावर टेकतो तेच कुजले असेल, तर वरची सारी दुरुस्ती वाया जाते.

ओल्या गाभ्यात बारीक छिद्रे पाडून इपॉक्सी (दोन घटक मिसळल्यावर कडक होणारे रेझिन) टोचण्याचा उपाय पुष्कळदा सुचवला जातो, पण पाण्याने भरलेल्या लाकडात रेझिन शिरत नाही आणि आतली ओल कायमची कोंडली जाते. वरचा थर कापून कुजलेला भाग कोरड्या, चांगल्या लाकडापर्यंत काढून टाकणे हाच खरा मार्ग आहे. बैठकीच्या थेट खाली पुन्हा बाल्सा घालू नये. तिथे फायबर आणि इपॉक्सीचे भरीव थर किंवा जी-१०चा (फायबरग्लास आणि इपॉक्सीच्या दाबून केलेल्या थरांचा) पत्रा बसवावा. थर परत जोडताना त्यांच्या कडांना जाडीच्या सुमारे १२ पट लांबीचा उतार द्यावा, म्हणजे ३ मिलिमीटरच्या थराला ३६ मिलिमीटर. इपॉक्सीचे जाड थर एकदम ओतू नयेत, कारण ते स्वतःच्याच उष्णतेने तापतात. पहिला थर पूर्ण वाळून गेला असेल तर वर आलेला मेणचट थर आधी पाण्याने धुवावा आणि मगच घासकाम करावे.

आपल्याकडे मुंबईच्या किनाऱ्यावर नौका पावसाळ्यासाठी बाहेर ओढल्या जातात, त्यामुळे सवड मिळते ती नेमकी जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दमट हवेत उघडा गाभा वाळत नाही, म्हणून छत उघडण्याचे काम कोरड्या महिन्यांत घेतलेले बरे.

बोल्टची छिद्रे थेट नव्या गाभ्यातून पाडणे ही पुढची चूक. छिद्र आधी मोठे पाडावे, आतल्या कडांना पातळ इपॉक्सी पाजावी, दाट केलेल्या इपॉक्सीने ते भरावे आणि ती कडक झाल्यावर तिच्या मधोमध बोल्टच्या मापाचे छिद्र घ्यावे. मग सांधा कधी गळला तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. सिलिकॉन इथे वापरू नये, कारण त्याचा अंश राहिलेल्या जागेवर नंतर रंग किंवा इपॉक्सी धरत नाही. थ्रीएम ५२०० हे सीलंट इतके घट्ट चिकटते की पुढे बैठक काढताना जेलकोटही उखडतो. ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) चांगली. छिद्राचे तोंड किंचित रुंद करून बोल्टच्या माथ्याखाली टेपचे वेटोळे घालावे, बोल्ट पान्याने स्थिर धरून खालून फक्त नट फिरवावा, आणि टेप बाहेर सरकत जाईल तसतसा तो दोन-तीन दिवसांत थोडाथोडा आवळावा.

ॲल्युमिनियमच्या बैठकीत स्टेनलेसचे बोल्ट कोरडेच घातले तर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजते. त्यांच्यामध्ये टेफ-जेल किंवा ड्युरालॅकसारखा लेप हवा. डोलकाठीच्या बुडाचे निचऱ्याचे छिद्र सीलंटने बुजवू नये, कारण डोलकाठीच्या आत उतरणाऱ्या पाण्याला तीच वाट असते. डोलकाठी उभी केल्यावर तारा एकदम पूर्ण ताणू नयेत. उतरवण्यापूर्वी टर्नबकलवर (तारा ताणण्याच्या आटेदार जोडावर) केलेल्या खुणांपर्यंत दोन्ही बाजूंनी आळीपाळीने यावे आणि पहिल्या फेरीनंतर ताण पुन्हा तपासून मगच टर्नबकलच्या पिना पक्क्या कराव्यात.