आग्र्याची पच्चीकारी घेताना आणि सांभाळताना

आग्र्याहून पच्चीकारीचं, म्हणजे संगमरवरात रंगीत दगडांचे तुकडे बसवून नक्षी केलेलं, ताट किंवा टेबलटॉप घेणार असाल, तर आधी वस्तू उलटी करा आणि तळाला नखाने ओरखडून बघा. चरा उमटला तर तो संगमरवर नव्हे. शंखजिऱ्यासारखा मऊ दगड आहे. खऱ्या संगमरवरावर नख चालत नाही.

मग रंग बघा. मोबाईलचा टॉर्च फुलाच्या पाकळीला टेकवून लावा. अकीक नावाचा दगड असेल तर पाकळी आतून केशरी उजळते, आणि ते बघण्यासारखं असतं! लाजवर्द या निळ्या दगडात बहुधा पांढऱ्या रेषा, सोनेरी ठिपके दिसतात. मॅलाकाइट या हिरव्या दगडात गडद-फिकट पट्टे. सगळ्या पाकळ्या अगदी एकसारख्या सपाट रंगाच्या असतील तर दगड खरा आहे का, ते विक्रेत्याला नीट विचारा. जोडावरून बोटही फिरवा, कड लागता कामा नये. हाताने घासून बसवलेल्या या कामाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत, असं मला मनापासून वाटतं.

घरी आणल्यावर लिंबू, चिंच, व्हिनेगर आणि बाथरूमचं ॲसिड यांपासून ही वस्तू लांब ठेवा. आम्लाने संगमरवराची झिलई जाते, ती पुसून परत येत नाही. हळद सांडली तर लगेच टिपून घ्या. एरवी ओलसर मऊ फडकं पुरतं.