पिकअपला लिफ्ट करताय? मग टायर आणि रिमचं माप असं ठरवा

लिफ्ट किट (सस्पेन्शन उंच करून गाडी वर उचलणारे सुटे भाग) बसवून झाली की मग लोक विचारतात, आता कितीचे टायर बसतील? माझं म्हणणं आहे की क्रम उलटा करा, आधी टायर किती उंच हवाय ते ठरवा, मग त्याला जागा करायला लागेल तेवढीच लिफ्ट करा, आणि रिम सगळ्यात शेवटी घ्या. कारण लिफ्टने चेसिस आणि बॉडी वर जाते पण मागच्या ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा (इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटणारे गिअर) गोळा जागचा हलत नाही, दोन इंच लिफ्ट करा नाहीतर चार इंच करा, दगडाला आधी तोच घासणार. त्याला वर उचलायचं काम फक्त टायर करतो, आणि तेही टायरची उंची जेवढी वाढली त्याच्या निम्मंच.

उदाहरणाला इसुझूची व्ही-क्रॉस घेऊ, आपल्याकडे लिफ्ट केलेली पिकअप म्हटलं की बऱ्याचदा तीच असते. कंपनीचा टायर २५५/६० आर१८. २५५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० म्हणजे साइडवॉल त्या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १५३ मिमी, आणि १८ हा रिमचा व्यास इंचात. साइडवॉल दोनदा धरायची, १५३ आणि १५३ झाले ३०६, त्यात १८ गुणिले २५.४ म्हणजे ४५७ मिळवा, एकूण ७६३ मिमी. जुन्या व्ही-क्रॉसला २५५/६५ आर१७ यायचा, त्याचा हिशोब करून बघा, तोही ७६३ च येतो. म्हणजे रिम मोठी झाली म्हणून गाडी उंच होत नाही, फक्त रबर कमी होतं.

आता पुढची पायरी २६५/७० आर१७, हा होतो ८०३ मिमी, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच. मूळपेक्षा ४० मिमी उंच, म्हणजे डिफरन्शियलखाली २० मिमी जास्त मिळाले. त्याच्या पुढचा २८५/७० आर१७, ८३१ मिमी, लोक ज्याला तेहतीस (इंची) म्हणतात तो. इथे ३४ मिमी मिळतात, पण त्याची किंमतही मोजावी लागते. स्पीडोमीटर ८० दाखवत असताना चाकं मूळ टायरपेक्षा ९ टक्के जास्त अंतर कापतात, ओडोमीटर कमी मोजतं त्यामुळे मायलेज काढतानाही फसायला होतं, पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये घाटात गाडी ओढत नाही, ब्रेकलाही जड चाक थांबवायचं असतं. १.९ लिटर इंजिनवर, घरचं सामान आणि माणसं घेऊन ताम्हिणी चढायचा असेल तर माझं स्पष्ट मत २६५/७० आर१७ इथेच थांबा. दोन इंच लिफ्टला हा शोभतो आणि पुरतोही.

सोळा-सतरा की अठरा-वीस? खडकाळ वाटेवर नि चिखलात हवा कमी करून चालायचं असेल तर छोटी रिम आणि जाड साइडवॉल, म्हणून मी सतरा सांगतो. पण कंपनीचे ब्रेक कॅलिपर आत बसतात का ते एक रिम प्रत्यक्ष लावून, हाताने पूर्ण फिरवून बघा. वीस इंची रिम दिसायला भारी दिसते हे खरं, पण तीच उंची ठेवली तर साइडवॉल बारीक होते आणि खड्ड्यात रिम वाकते, आपले रस्ते बघता हा शहाणपणा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ऑफसेट. टायर घासला की लोक म्हणतात अजून लिफ्ट पाहिजे, पण बहुतेक वेळा घासायचं कारण रिमच्या ऑफसेटमध्ये असतं. ऑफसेट म्हणजे हबला (चाक ज्यावर नटांनी बसतं तो भाग) टेकणारी बाजू रिमच्या मधल्या रेषेपासून किती मिमी आत-बाहेर आहे ते. + म्हणजे ती बाजू बाहेरच्या अंगाला, आकडा कमी झाला की चाक तेवढं बाहेर येतं. समजा कंपनीची रिम ७.५ इंच रुंद आणि ऑफसेट +३०, आणि दुकानदार म्हणतो ९ इंच, शून्य ऑफसेट घ्या, एकदम रुबाब येतो. हिशोब करा, रुंदी दीड इंच वाढली म्हणजे दोन्ही बाजूंना १९-१९ मिमी, त्यात ऑफसेटचे ३० बाहेर, एकूण ४९ मिमी चाक बाहेर आलं. आता स्टिअरिंग पूर्ण वळवलं की ते चाक मोठ्या घेराने फिरतं आणि पुढे बंपरच्या कोपऱ्याला, मागे लायनर (चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं आवरण) नि मडफ्लॅपला घासतं. लिफ्टने जागा वरच्या बाजूला वाढते, पुढे-मागे वाढत नाही. शिवाय व्हील बेअरिंगवर ताण, आणि चिखल सगळा दारांवर. ८ इंच रुंद, +२० च्या आसपास ऑफसेट असेल तर चाक बाहेर येतं जेमतेम १६ मिमी, आत वरच्या कंट्रोल आर्मलाही (चाकाला चेसिसशी जोडणारा दांडा) थोडी जागा सुटते, २६५ ला तेवढं बास.

रिम घेताना पीसीडी ६ गुणिले १३९.७ बघा, म्हणजे १३९.७ मिमी व्यासाच्या वर्तुळावर सहा बोल्ट, व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स दोघांचं हेच आहे, पण मधल्या भोकाचं माप वेगळं असू शकतं, ते हबवर घट्ट बसलं पाहिजे. नटांचा आकार रिमला जुळतो का तेही बघा. रिमवर लोड रेटिंग छापलेलं नसेल तर ती रिम स्वस्तात मिळाली तरी नको. टायरचा लोड इंडेक्स कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको, ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, १२१ म्हणजे १४५० किलो.

पैसे द्यायच्या आधी एक टायर रिमवर चढवून पुढे लावायला सांगा. मग स्टिअरिंग एका टोकाला, गाडी हळू पुढे, मग मागे, रिव्हर्समध्ये हमखास वेगळीच जागा घासते. मग दुसऱ्या टोकाला. शेवटी एक चाक फुटपाथवर किंवा दगडावर चढवून पुन्हा तेच. लायनरवर काळी चकचकीत रेघ दिसली की समजा घासलं. लायनर थोडं कापून किंवा गरम करून मागे ढकलून भागत असेल तर ठीक, पत्र्याला लागत असेल तर माप एक पायरी खाली आणा.

पुढच्या चाकांकडची लिफ्ट दोन इंचाच्या वर नेली की पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा (शाफ्टचा वाकणारा सांधा) कोन वाढतो, रबर बूट फाटतात, आणि कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल) जुळवायला बऱ्याचदा वरचे कंट्रोल आर्म बदलावे लागतात, तो खर्च आधीच धरा. अलाइनमेंट लिफ्टनंतर आणि टायरनंतरही करा.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनमध्ये मनाने बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलंय, त्यामुळे लिफ्टआधी आरटीओत विचारा आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी अडकाल.

पाच टायर घ्या, चार नाही. स्टेपनी छोटी राहिली आणि ती मागे लावून फोर बाय फोर टाकलं तर ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) ताण येतो. ट्रेखालच्या जागेत नवी स्टेपनी मावते का ते टेप लावून मोजा, तेहतीस तिथे अडकायची शक्यता असते. बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरला नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळून घ्या.