पहाटेचं पान

दापोलीत वनशास्त्र करून स्पेनला मास्टर्सला गेलो आणि पहिल्याच अहवालात तोंडघशी पडलो. एन्सिनाची, म्हणजे तिकडच्या सदाहरित ओकची, तांबूस झालेली झाडं बघून मी 'उन्हाळी पानगळ' असं लिहिलं होतं. गाइडबाईंनी त्यावर काट मारली. डोळ्यात साग होता ना! आपला साग उन्हाळ्यात बोडका होतो, पावसाबरोबर पालवतो. तिकडे पाऊस हिवाळ्याच्या आगेमागे आणि उन्हाळा कोरडाठाक. एन्सिनाचं पान वर्षापेक्षा जास्त टिकतं. ऑगस्टमध्ये सगळं झाड लाल दिसलं तर ते दुखणं समजायचं.

उष्मा वाढला की हवा पानांतून जास्त पाणी ओढते आणि खाली माती सुकलेली असते. ताण फार झाला की खोडातल्या पाण्याच्या नळ्यांत हवा शिरते आणि फांदी वाळते. अलेप्पो पाइन हे तिकडचं पाइनचं झाड पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, लवकर मिटतं, पाणी वाचवतं, पण हवा आत न आल्याने उपाशी राहतं. एन्सिना बराच वेळ ती उघडी ठेवून जोखीम घेतो.

हा ताण मोजायला प्रेशर चेंबर असतो. पानाचा देठ ब्लेडने कापून झाकणाच्या रबरातून बाहेर काढायचा, आत नायट्रोजन सोडायचा आणि भिंगातून देठाकडे बघत बसायचं. कापावर ओल चमकली की दाबाचा आकडा टिपायचा; तोच पानातला ताण, पण उणे चिन्ह लावून लिहितात. उणे ३ मेगापास्कलच्या खाली गेला तर झाड कठीण अवस्थेत आहे. हे काम सूर्योदयापूर्वीच करायचं, कारण रात्रभरात झाड आणि माती यांचा ताण जवळपास सारखा होतो. मी एकदा अर्धा तास उशिरा पोचलो आणि सगळी पहाट वाया गेली. पिशवीत न ठेवलेलं पानही असंच फुकट जातं.

तिकडे शिकायला प्रवेश घेण्याआधी ईशान्य स्पेनमधल्या तारागोनाजवळच्या प्रादेस डोंगरांतल्या प्रयोगाबद्दल जरूर वाचा. तिथे १९९९ पासून एन्सिनाच्या जंगलात प्लास्टिकच्या पट्ट्या लावून पावसाचा काही वाटा अडवतात. दुष्काळात एन्सिना मागे पडतो, तर शेजारचं फिलिरियाचं झुडूप तग धरतं.

सगळं खापर मात्र उन्हावर फोडू नका. नैऋत्य स्पेनमध्ये मुळं कुजवणारा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव आहे, आणि कमकुवत झालेलं झाड त्याला लवकर बळी पडतं. तो चिखलातून पसरतो. म्हणून एका रानातून दुसऱ्या रानात जाताना बूट घासून, जंतुनाशकात बुडवून घ्यायचे. माझ्या सॅकमध्ये अजूनही एक जुना कपड्यांचा ब्रश असतो.