गणिताचा होमवर्क आणि मोबाईलचा कॅमेरा: उत्तर नको, चुकलेली ओळ शोधा

ठाण्यात आपल्यासारख्या घरांत साधारण असंच असतं, आई-बाबा दोघंही नोकरीला, येताना कोणी कल्याण स्लो लोकलमध्ये उभं तर कोणी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये माजिवड्याला अडकलेलं, जेवणं आटपेपर्यंत साडेनऊ होतात आणि मग पोरगं वही घेऊन येतं की हे गणित येत नाहीये. आणि आपला वर्गसमीकरणाशी संबंध सुटून जमाना झालेला असतो. अशा वेळी फोटो काढून गणित सोडवणारी अ‍ॅप्स खरंच कामाला येतात, फक्त ती वापरायची एक रीत आहे. बिल्डिंगमधल्या बऱ्याच आयांना मी हे तोंडी सांगत असते म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

रीत अशी की फोटो आधी काढायचा नाही. मुलाने आधी वहीत स्वतः सोडवायचं, अर्धवट झालं तरी चालेल, चुकलं तरी चालेल, आणि त्यानंतरच कॅमेरा. का ते पुढच्या उदाहरणात कळेल.

अ‍ॅप कुठलं तर दोन पुरेशी आहेत. एक फोटोमॅथ, ते २०१४ मध्ये आलं, क्रोएशियातल्या टीमने बनवलेलं, आता गूगलकडे आहे. छापलेलं आणि हाताने लिहिलेलं दोन्ही वाचतं आणि एकेक स्टेप उलगडून दाखवतं. साध्या स्टेप्स फुकट दिसतात, जास्त खोलात जाऊन समजावणारं प्लस व्हर्जन पैसे भरून घ्यावं लागतं, शाळेच्या रोजच्या होमवर्कला मला तरी त्याची गरज वाटत नाही. दुसरं गूगल लेन्स, ते बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीच असतं. मिळत्याजुळत्या नावाची भरपूर अ‍ॅप्स फिरत असतात, त्यामुळे प्ले स्टोअरवरून घेताना खाली डेव्हलपरचं नाव बघूनच घ्या.

आता फोटो. सगळ्यात जास्त गडबड इथे होते. वही ट्यूबलाइटखाली सपाट ठेवा, फोनची सावली पानावर पडू देऊ नका, पुस्तक असेल तर मधल्या घडीपाशी पान वळतं ते हाताने दाबून धरा. फ्रेममध्ये एकच गणित घ्या, चौकटीचे कोपरे ओढून लहान करता येतात, प्रश्नाचा नंबर आत आला तर तोही गणिताचा भाग समजला जातो. पेन्सिलचं अक्षर फिकट असेल तर प्रश्न पेनाने मोठ्या अक्षरात कोऱ्या कागदावर उतरवून घ्या, आणि पुस्तकात मराठी आकडे असतील तर उतरवताना इंग्रजी आकडे लिहा.

फोटो काढला की उत्तराकडे बघायचंच नाही, आधी अ‍ॅपने काय वाचलंय ते बघायचं! वर प्रश्न दिसतो तो पुस्तकातल्या प्रश्नाशी अक्षर न् अक्षर जुळतोय का ते मुलालाच तपासू द्या. एक आणि सात, पाच आणि इंग्रजी एस, गुणाकाराची फुली आणि एक्स, यांची सरमिसळ होते. पूर्णांकयुक्त अपूर्णांक तर हमखास बघायचे, दोन पूर्णांक एक तृतीयांश लिहिताना दोन आणि एक जवळ आले की ते २१/३ वाचलं जाऊ शकतं, म्हणजे सव्वादोनच्या आसपासची संख्या थेट ७ होते आणि पुढच्या सगळ्या स्टेप्स अगदी व्यवस्थित पण भलत्याच गणिताच्या. जीएसटीच्या गणितात १,२५,००० असे स्वल्पविराम असतात ते काढून टाकून नुसता आकडा लिहिलेला बरा. वाचताना चुकलं असेल तर एडिट करून हाताने दुरुस्त करता येतं.

आता उदाहरण घेऊ. प्रश्न आहे ३(एक्स − ४) − २(एक्स − ५) = ७. मुलाने वहीत लिहिलं ३एक्स − १२ − २एक्स − १० = ७, आणि उत्तर काढलं २९. अ‍ॅप म्हणतं ९. इथे बहुतेक घरांत काय होतं तर २९ खोडलं जातं, ९ लिहिलं जातं आणि वही बंद. तसं करू नका. अ‍ॅपमधली पहिली स्टेप उघडा आणि ती वहीतल्या पहिल्या ओळीशेजारी धरा, तिथे − १० च्या जागी + १० दिसेल. बाकी सगळं मुलाचं बरोबर आहे, फक्त कंसाबाहेरचा उणे आतल्या उणे पाचपर्यंत पोचला नाही. ही एक ओळ मुलाने स्वतः बोट ठेवून दाखवली पाहिजे, आपण नाही. सापडली की फोन उलटा ठेवायचा आणि तिथून पुढे त्यानेच सोडवायचं, शेवटी ताळा करायचा, ९ घातले की ३ गुणिले ५ म्हणजे १५, त्यातून २ गुणिले ४ म्हणजे ८ गेले, राहिले ७. ताळा जमला की मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे असं मला मनापासून वाटतं. मग त्याच धाटणीचं एखादं गणित आपण आकडे बदलून द्यायचं, ते अ‍ॅपशिवाय. चिन्हाची चूक करणारं मूल पुन्हा पुन्हा तीच चूक करतं, आणि ती त्याची त्याला एकदा दिसली की ट्यूशनच्या सरांनाही सांगता येतं की सर, माझं इथे अडतं.

शाब्दिक उदाहरणांचं वेगळं आहे. आईचं वय मुलीच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ ने जास्त, दोघींच्या वयांची बेरीज ५२, अशा प्रश्नात समीकरण मांडणं हेच खरं गणित, सोडवणं हा नंतरचा भाग. एआयवाली टूल्स आता अख्खं शाब्दिक उदाहरणही सोडवून देतात, पण तिथे कॅमेरा लावलात तर मुलाने करायचं काहीच उरलं नाही. म्हणून मुलीचं वय एक्स मानू हे वाक्य आणि एक्स + ३एक्स + ४ = ५२ ही ओळ वहीत उतरल्याशिवाय फोन हातात द्यायचा नाही. फोटो फक्त त्या समीकरणाचा काढायचा. मुलगी १२, आई ४०, आणि उत्तर आलं की प्रश्नाशी पुन्हा ताडून बघायचं.

दहावीवाल्यांनी अजून एक ध्यानात ठेवा. पेपरात पद्धत सांगितलेली असते, पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा, क्रेमरच्या पद्धतीने सोडवा, आणि अ‍ॅप आपल्या मनाने अवयव पाडून किंवा सूत्राने मोकळं होतं. उत्तर बरोबर असलं तरी मार्क स्टेप्सना असतात. फोटोमॅथमध्ये कधीकधी एकाच गणिताच्या दोन-तीन पद्धती दिसतात, त्यातली प्रश्नात मागितलेली निवडा, नसेल तर फक्त अंतिम उत्तर जुळवा आणि पद्धत पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणावरून घ्या.

तुम्ही अजून ट्रेनमध्ये आहात आणि मूल घरी अडलंय असं झालं तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवा, पण एचडी करून पाठवायला सांगा, साध्या फोटोत बारीक घातांक पुसट होतात. प्रश्नाचा एक आणि मुलाने सोडवलेल्याचा एक असे दोन वेगळे फोटो. गॅलरीतला फोटो लेन्समध्ये उघडता येतो, आणि मुलाला फोनवर उत्तर न सांगता फक्त सांगा की तिसरी ओळ परत बघ.

भूमितीला मात्र कॅमेरा फारसा उपयोगाचा नाही. पक्ष, साध्य, सिद्धता लिहायची, प्रत्येक विधानापुढे कारण द्यायचं, वर्तुळाला स्पर्शिका काढायची, हे पुस्तक, कंपासपेटी आणि शिकवणाऱ्या माणसाकडूनच येतं. त्रिकोणमितीत आकडेमोड तपासायला चालेल, पण अंशाचं छोटं वर्तुळ फोटोत आलंय ना ते बघा. ते सुटलं तर ३० हे रेडियन, म्हणजे कोन मोजायचं दुसरं एकक, धरलं जाऊ शकतं आणि साइन ३० अंशाचं उत्तर ०.५ यायच्या ऐवजी उणे ०.९८८ येतं. असं काही विचित्र दिसलं तर मुलाला ओरडू नका, आधी ते वर्तुळ टाइप करून बघा.