सीपीयूचे झाकण उघडण्यापूर्वीची तयारी

जून-जुलैत शाळाप्रवेशाचे दाखले आणि पीकविम्याचे अर्ज एकाच वेळी अंगावर येतात, आणि नेमका त्याच दिवसांत गावातल्या सेवा केंद्रातला संगणक सुरू होत नाही किंवा सुरू होऊनही कीबोर्डला दाद देत नाही. दाराबाहेर माणसे ताटकळलेली असल्यामुळे आपला हात आधी स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. परभणी जिल्ह्यातल्या एका गावात मी असे केंद्र चालवतो, आणि माझे ठाम मत असे आहे की झाकण सर्वांत शेवटी उघडावे. त्याआधीचे तपासणे क्रमाने झाले, तर पुष्कळदा झाकणाला हात लावण्याची वेळच येत नाही.

काही वस्तू संगणक नीट चालू असतानाच जमवून ठेवाव्यात, कारण तो बंद पडल्यावर त्या तयार करता येत नाहीत. चालू असल्याची खात्री असलेला यूएसबीचा साधा कीबोर्ड, तीन पिनांची जादा पॉवर केबल, चांदणीचा स्क्रू-ड्रायव्हर, मऊ ब्रश, पांढरा खोडरबर, सीआर 2032 क्रमांकाचा सेल, विजेचा दाब मोजणारे मल्टिमीटर आणि किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह, ज्यावर विंडोजचे सेटअप आधीच टाकलेले असेल, एवढे सामान एका डब्यात असावे. डिस्कला बिटलॉकरचे, म्हणजे विंडोजमधल्या माहिती गुप्त ठेवणाऱ्या सोयीचे, कुलूप असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी-की कागदावर लिहून कपाटात ठेवावी; ती त्याच संगणकात ठेवलेली असेल तर ऐन वेळी तिचा काही उपयोग होत नाही.

पहिली तपासणी विजेची. ज्या वस्तीवर घरांची आणि शेतीची जोडणी एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आहे, तिथे रब्बीत विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज कोसळते, आणि संगणक चालू होता होता पुन्हा बंद पडतो. फेज आणि न्यूट्रल यांच्यात 230 व्होल्टच्या आसपास दाब मिळतो का, हे मोजावे. मुख्य लाईनवर मोजण्याचा सराव नसेल तर वायरमनलाच बोलवावे. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसत असेल, तर दोष संगणकात नसून वायरिंगमध्ये किंवा अर्थिंगमध्ये असण्याची शक्यता मोठी आहे. आपली काळी जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. उन्हाळाभर त्या खड्ड्यात पाणी ओतत राहणे हा तयारीचाच भाग मानावा. त्यानंतर यूपीएस बाजूला काढून संगणक थेट भिंतीवरच्या सॉकेटला जोडून पाहावा, कारण यूपीएसची जुनी बॅटरी भार पडताच मान टाकते.

वीज ठीक असेल तर बटण दाबून केवळ पाहावे, ऐकावे आणि वहीत लिहावे. पंखाच फिरला नाही तर संशय पॉवर सप्लायवर किंवा बटणावर जातो. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, तेव्हा मॉनिटरची केबल आणि रॅम पाहावी. कंपनीचे चिन्ह येऊन डिस्क सापडत नसल्याचा संदेश आला, तर सर्वांत आधी कोणाचा पेनड्राइव्ह मागे-पुढे लागून राहिला आहे का, ते बघावे. बीप किती आणि कशा वाजल्या याची नोंद करावी. त्यांचा अर्थ बायोस (विंडोजच्या आधी संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) बनवणाऱ्यागणिक बदलतो, म्हणून तो मदरबोर्डच्या पुस्तिकेतच शोधावा.

कीबोर्डची तक्रार असेल तर नम लॉक दाबावे. दिवा लागत-विझत असेल तर संगणक जिवंत आहे, आणि दोष बहुधा विंडोजच्या एखाद्या सेटिंगमध्ये आहे. उजवे शिफ्ट आठ सेकंद दाबले गेले की फिल्टर कीज, म्हणजे कळीचा झटपट स्पर्श न मोजण्याची सोय, सुरू करण्याची विचारणा येते, आणि घाईत तिला होकार दिला गेला की साधे टायपिंग उमटेनासे होते. दिवा हलतच नसेल तर हब आणि पुढचे पोर्ट सोडून मागच्या पोर्टमध्ये कीबोर्ड लावावा. विंडोज 7 अजून वापरात असेल तर निळे पोर्ट टाळावे, कारण त्या प्रणालीत यूएसबी 3.0 चे ड्रायव्हर मुळात नसतात. म्हणूनच बायोसमध्ये चालणारा कीबोर्ड विंडोजमध्ये गप्प होतो. जांभळ्या गोल पोर्टचा कीबोर्ड मात्र संगणक पूर्ण बंद करूनच लावावा. एकदा माझा संगणक दर वेळी बायोसच्या पडद्यावरच अडकत होता आणि मी विंडोज नव्याने टाकण्याच्या बेतात होतो. सहज कीबोर्ड उलटा करून झटकला, तेव्हा डिलीटच्या कळीखालून भुईमुगाच्या टरफलाचा नखाएवढा तुकडा पडला. त्या तुकड्यामुळे कळ दबलेलीच राहत होती, आणि सुरू होताना डिलीट दबलेले असले की माझ्या संगणकात बायोसच उघडते.

एवढे करूनही यश आले नाही, तरच झाकण उघडावे. केबल काढून पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून पत्र्याला हात लावावा आणि पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडू नये, कारण त्यातले कपॅसिटर वीज धरून ठेवतात. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलकेच पुसाव्यात आणि खटका बसेपर्यंत ती परत तिच्या खाचेत दाबावी. तारीख वारंवार मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल बदलावा. चुकीच्या तारखेमुळे सरकारी संकेतस्थळे सुरक्षित नसल्याचा इशारा येत राहतो. सेल काढण्याआधी, बायोस उघडत असेल तर त्यातल्या सेटिंगचे मोबाईलवर फोटो घ्यावेत, कारण साटाची, म्हणजे डिस्कच्या जोडणीची, पद्धत बदलली की धडधाकट विंडोजही सुरू होत नाही.

दुरुस्तीसाठी तालुक्याला न्यायची वेळ आली, तर डिस्क काढून घरीच ठेवता येते का, ते विचारून घ्यावे, कारण तिच्यात गावकऱ्यांची आधार कार्डे आणि सातबारे असतात, आणि ती आपल्या भरवशावर दिलेली आहेत. द्यावीच लागली तर ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नये’ असे ठळक लिहून ती चिठ्ठी सीपीयूवर चिकटवावी, आणि तिच्याखाली वहीतली नोंद उतरवावी: पंखा फिरतो की नाही, बीप किती, नम लॉकचा दिवा लागतो की नाही.